अकरा सेकंद

परदेशातल्या बास्केटबॉल क्लबच्या करारावर सही केली त्या दिवशी वाटलं, सुटलो एकदाचे, आता फक्त खेळायचं. प्रत्यक्षात पहिल्या सामन्यासाठी कोर्टवर उतरायला त्यानंतर सात आठवडे लागले, आणि उतरल्यावर जे झालं ते सांगायला पुढे येतेच.

आधी मेडिकल. क्लबच्या डॉक्टरांनी पास केल्याशिवाय करार लागूच होत नाही, तसं करारातच लिहिलेलं होतं. म्हणजे सही होऊनही मी अधांतरीच. ईसीजी, टूडी इको, रक्त वगैरे भराभर उरकलं. मग डॉक्टरांनी मला डोळे मिटून एका पायावर उभं केलं. उजव्या पायावर मजेत उभी राहिले. डाव्यावर चार-पाच सेकंदांतच डुलायला लागले. "कितीदा मुरगळलाय?" दोनदा, आणि दोन्ही वेळा बर्फ लावून चौथ्या दिवशी मी खेळले होते. एजंटने बजावलं होतं, विचारतील तेवढंच सांग. पण त्यांनी विचारलंच होतं, मग सगळं सांगून टाकलं. पास झाले, फक्त रोज सरावाच्या आधी वीस मिनिटं घोट्याचे व्यायाम मागे लागले. कंटाळवाणे आहेत, पण वर्षभरात घोट्याने एकदाही दगा दिला नाही.

करार मी वाचला होता म्हणजे महिन्याचा आकडा पाहिला होता. टीममधल्या एका सीनियर खेळाडूने बसमध्ये सहज विचारलं, "दुखापत झाली तर पगार चालू राहतो का तुझा? पैसे थकले तर किती दिवसांनी तू मोकळी? भांडण झालं तर जायचं कुठे?" मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. रात्री पानं काढून बसले. भांडणाचं उत्तर शेवटच्या पानावर सापडलं. बास्केटबॉलचा एक आंतरराष्ट्रीय लवाद आहे, फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, 2007 मध्ये सुरू केलेला. त्याला आता सगळे 'बॅट' म्हणतात, बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्युनलचं छोटं रूप. तिथे कुठल्या एका देशाच्या कायद्याची पुस्तकं न उघडता रास्त काय ते बघून निवाडा देतात. पण करारात तसं कलम असेल तरच. माझ्या करारात ते होतं. मी घातलं नव्हतं, नशिबाने होतं. तुम्ही सही करणार असाल तर हे आधी शोधा, आकडा मागाहून बघा.

देश बदलला की जुन्या फेडरेशनकडून 'लेटर ऑफ क्लिअरन्स', म्हणजे मोकळं केल्याचं पत्र, लागतं. ते यायला वेळ लागला. पहिले दोन सामने साध्या कपड्यांत प्रेक्षकांमध्ये बसून पाहिले.

आता खेळाचं. ज्युनियरमध्ये चेंडू माझ्याकडेच यायचा, कुणी बाहेर काढायचं नाही. इथे हिशेब वेगळा. दहा मिनिटांचे चार क्वार्टर, कोर्टवर पाच जणी, म्हणजे सामन्याची 200 मिनिटं बारा जणींत वाटायची. त्यातली तीसेक एकेक स्टार खेळाडूच घेऊन जाते. उरलेल्या चुऱ्यातून माझ्या वाट्याला तीन-चार आली तर आली. आणि त्या चार मिनिटांत कुणालाही माझे गुण नको असतात. नको असते ती गडबड.

गडबडच केली. पहिल्याच सामन्यात दुसऱ्या क्वार्टरची दीड-पावणेदोन मिनिटं उरली असताना मला पाठवलं. समोरची गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणणारी खेळाडू, अर्ध्या कोर्टवर, पाठ माझ्याकडे करून चेंडू टप्पे देत उभी. धोका काहीच नाही. मला मात्र दाखवायचं होतं की मी किती चपळ आहे. हात घातला, मनगटावर बसला, शिट्टी. मला वाटलं, साइडलाइनवरून चेंडू देतील, बिघडलं काय? तर सगळ्या जणी आमच्या बास्केटखाली निघाल्या. स्कोअररच्या टेबलावर आमच्या टोकाला लाल खूण केव्हाची लावलेली होती: टीमचे चार फाउल झालेले, पाचव्याला दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता बास्केटमध्ये दोन फेकी. ती खूण बेंचवरून हाताच्या अंतरावर होती. मी तिच्याकडे अर्धा तास पाठ करून बसले होते. दोन्ही थ्रो आत गेले, मी बाहेर आले.

असिस्टंट कोच ओरडले नाहीत. पुढच्या सामन्यात त्यांनी मला शेजारी बसवलं आणि खेळ थांबला की दरवेळी हळूच विचारायचे, "स्कोअर? वेळ? टीम फाउल? ॲरो कुणाचा?" ॲरो म्हणजे टेबलावरचा बाण, दोघींनी चेंडू एकदम धरला तर तो कुणाला मिळणार ते दाखवणारा. बोर्डकडे न बघता उत्तर द्यायचं. पहिले काही सामने मी नापास. शाळेत पाढे म्हणायला लावल्यासारखं वाटायचं, चिडही यायची. हे करायला का आले मी इथे? पण हळूहळू आकडे आपोआप डोक्यात राहायला लागले, आणि गंमत म्हणजे खेळच वेगळा दिसायला लागला. शॉट क्लॉकचे, म्हणजे शॉट घ्यायला मिळणाऱ्या वेळेचे, सहा सेकंद उरले की समोरच्या टीमचे खांदे कसे आखडतात, स्वतःचा चौथा फाउल झालेली खेळाडू, पाचव्याला बाद व्हायच्या भीतीने, आत शिरणाऱ्या गार्डला कशी वाट देते. हे सगळं बेंचवरून दिसतं. कोर्टवर असताना मला आजवर दिसलं नव्हतं.

मग महिन्याभराने एका सामन्यात तिसऱ्या क्वार्टरचे अकरा सेकंद उरलेले, आम्ही एका गुणाने पुढे, चेंडू त्यांचा. हेड कोच वळून म्हणाले, "आपल्याकडे आहेत." एवढंच. पण मला माहीत होतं काय आहेत: टीम फाउल दोनच झालेत, फ्री थ्रो न देता आणखी दोन परवडतात. उतरले. त्यांच्या गार्डने मधली रेष ओलांडून वेग घेतला, तशी मी तिच्यासमोर आले. जर्सी धरली असती तर अनस्पोर्ट्समनलाइक फाउल, म्हणजे दोन फ्री थ्रो आणि वर चेंडूही त्यांनाच. म्हणून तिने शॉटसाठी चेंडू उचलायच्या आत खरोखर चेंडूवरच हात मारला. थोडा तिच्या हातावर बसला. शिट्टी. तीन सेकंद उरलेले. साइडलाइनवरून आलेल्या चेंडूवर घाईचा शॉट, रिंगलाही लागला नाही.

बेंचवर बसले तर असिस्टंट कोच टॉवेल देत म्हणाले, "टीम फाउल?"

"तीन."

"ॲरो?"

"आपला."

त्यानंतर मला उतरवलं नाही. रात्री बाबांचा फोन आला. त्यांनी नेटवर स्कोअरशीट पाहिली होती: वेळ 0:11, गुण शून्य, फाउल एक.

"अगं, अकरा सेकंद खेळलीस आणि त्यातही फाउल?"

मी सांगायला लागले. लाल खूण, दोन फाउल, तीन सेकंद, ॲरो. वीसेक मिनिटं मीच बोलत होते बहुतेक. ते गप्प ऐकत होते.

"म्हणजे फाउल केलास म्हणून शाबासकी मिळाली?"

"शाबासकी नाही हो, टॉवेल मिळाला."

"बरं," बाबा म्हणाले. "जेवलीस का?"