पाठ मैदानाकडे, तोंड गर्दीकडे

फुटबॉलच्या सामन्याला मी हजर असते, पण सामना मला दिसत नाही. स्टेडियममधल्या स्टुअर्डची, म्हणजे प्रेक्षकांची गर्दी सांभाळणाऱ्याची, ड्युटीच तशी असते. गोल झाला की नाही, हे मी समोरच्या चेहऱ्यांवरून ओळखते. आपल्या संघाची चढाई असली की लोक आधी खुर्चीच्या कडेला सरकतात आणि मग उठतात. समोरच्यांची असली की हात डोक्याकडे जातात. गोल खाल्ला, तर अख्ख्या स्टँडचा आवाज गळून पडतो आणि लांबून, पाहुण्यांच्या कोपऱ्यातून जल्लोष ऐकू येतो.

त्या दिवशी हा जल्लोष मी दोनदा ऐकला.

समोर गुणतक्त्यात तळाला असलेला संघ होता. आपण जिंकणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पहिल्या अर्ध्यात एक गोलची आघाडीही मिळाली. दुसऱ्या अर्ध्यात बरोबरी झाली आणि स्टँडचा सूर पालटला. आधी खेळाडूंच्या नावानं आरोळ्या होत्या, आता चुकलेल्या प्रत्येक पासवर कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. तो आवाज खेळाडूंपर्यंत पोचतो आणि पाय आणखी जड होतात, असं मला मनापासून वाटतं. कोविडच्या काळात रिकाम्या स्टेडियममध्ये सामने झाले, तेव्हा घरच्या मैदानाचा फायदा कमी झालेला दिसला. प्रेक्षकांचा परिणाम होतो तो असा, दोन्ही बाजूंनी.

शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा काहीजण उठून निघाले. एक गृहस्थ मुलाला घेऊन जिन्याकडे वळले, तर मागच्या रांगेतला तरुण ओरडला, "आत्ता कुठं निघालात? जिंकल्यावरच यायचं असतं का?" ते गृहस्थ थांबून म्हणाले, "मी तुझ्या जन्माच्या आधीपासून येतोय." दोघांचंही खरं होतं. मी मध्ये उभी राहिले आणि मुलाला वाट करून दिली. इंज्युरी टाइममध्ये, म्हणजे शेवटी वाढवून दिलेल्या मिनिटांत, पाहुण्यांना कॉर्नर मिळाला, आणि समोरचे सगळे हात एकदम डोक्यावर गेले.

शिट्टी वाजल्यावर हुर्यो सुरू झाली. तिला मी घाबरत नाही. ओरडणारा माणूस अजून संघाशी बोलत असतो. माझं लक्ष होतं ते खाली, खेळाडूंच्या बोगद्याशेजारच्या कठड्याकडे. तिथं पन्नासेक माणसं उतरून आली होती आणि प्रशिक्षकाच्या नावानं शंख करत होती. वॉकी-टॉकीवर कंट्रोल रूमनं विचारलं, "मागचं गेट बंद करून घेऊ का? वरून आणखी लोक उतरायला नकोत." मी म्हटलं, "नको. सगळी गेटं सताड उघडी ठेवा आणि इथं कुणी पळत येऊ नका."

असं मी का म्हटलं, ते सांगायला हवं. २४ मे १९६४ रोजी लिमामध्ये पेरू विरुद्ध अर्जेंटिना असा ऑलिंपिक पात्रता सामना होता. पेरूचा बरोबरीचा गोल रेफ्रीनं नाकारला आणि लोक मैदानात घुसले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. माणसं जिन्यांवरून खाली धावली, तर तळाची दारं बंद. अधिकृत आकडा ३२८ मृतांचा आहे. त्यानंतर इतकी वर्षं गेली, आणि १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियात मलंगच्या कांजुरुहान स्टेडियममध्ये घरचा संघ आरेमा पारंपरिक प्रतिस्पर्धी पर्सेबायाकडून २-३ असा हरला. लोक मैदानात उतरले. पोलिसांनी अश्रुधूर थेट स्टँडमध्येही सोडला. खरंतर फिफाच्या सुरक्षा नियमांत त्याला मनाई आहे. दारांपाशी चेंगराचेंगरी झाली, १३५ माणसं गेली. त्यांत लहान मुलंही होती. पराभवानं त्यांचा जीव घेतला नाही. धूर आणि न उघडलेली वाट यांनी घेतला. ब्रिटनच्या स्टेडियम-सुरक्षा मार्गदर्शिकेत हिशेब आहे: एक मीटर रुंदीच्या सपाट वाटेवरून मिनिटाला ८२ माणसं जाऊ शकतात, जिन्यावरून ६६. हे आकडे चालणाऱ्या माणसांचे आहेत, घाबरून धावणाऱ्यांचे नाहीत.

कठड्यापाशी सगळ्यांत पुढं साठीचे एक काका होते. लालबुंद झालेले, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. मी त्यांच्या समोर न जाता शेजारी उभी राहिले, त्यांच्यासारखीच कठड्यावर हात टेकून. म्हटलं, "काका, मला गोल दिसला नाही. काय झालं?"

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्हाला दिसलाच नाही?" आणि दाखवायला लागले. माझा डावा खांदा म्हणजे जवळचा खांब. त्यांची मूठ म्हणजे चेंडू. "इथून कॉर्नर आला. इथं आपले दोघं, दोघंही चेंडूकडे बघतायत. आणि त्यांचा तो उंच पोरगा हा असा मागून आला, त्याच्याबरोबर कुणीच नाही!" मूठ माझ्या खांद्याला हलकेच लागली. मागून एकजण म्हणाला, "काका, चूक त्या दोघांची नाही, गोलकीपरनं पुढं यायला हवं होतं." तिसरा म्हणाला, माणूस धरायचा सोडून जागा धरायला लावली प्रशिक्षकानं, तिथंच घोळ झाला. बघता बघता तिथं कडाक्याचा वाद पेटला, पण तो आपसात आणि फुटबॉलवर. मैदानाकडे कुणाचं तोंडही राहिलं नाही.

त्याच वेळी कप्तान चालत आला. कठड्यापासून दोन हातांवर उभा राहिला, शिव्या ऐकल्या, हात जोडले नाहीत की खुलासाही केला नाही. माझ्या मते त्यानं त्या दिवशी केलेलं सर्वांत मोलाचं काम हेच. एका पोरानं पाण्याची बाटली भिरकावली, ती त्याच्या पायाशी पडली. आम्ही पोचण्याआधी काकांनीच त्या पोराचा दंड धरला होता: "बोलायचं ते तोंडानं बोल!"

स्टँड रिकामा झाल्यावर आढावा बैठक झाली. कॅमेऱ्यातून कठड्याजवळच्या सगळ्यांचे चेहरे काढून बंदीच्या यादीत टाकावेत, असं एका अधिकाऱ्यानं सुचवलं. मी कडाडून विरोध केला. बाटली फेकणाऱ्यावर नियमानं जी होईल ती कारवाई करा, बाकीच्यांनी कठडा ओलांडला नाही, कुणाला हात लावला नाही. बऱ्याच वादानंतर नोंद फक्त त्या एकाच पोराची झाली. शेवटच्या पंधरा मिनिटांत बोगद्याशेजारी नवखा स्टुअर्ड ठेवू नये, ही माझी दुसरी मागणी. त्यावर साहेबांनी विचारलं, "मग कोण उभं राहील?" मी माझं नाव दिलं.