घाटातल्या जिप्सीसाठी पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड

यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागेपर्यंत माझ्या जिप्सीचे इंजिन दमू लागले, मागून निळसर धूर दिसू लागला आणि कॉम्प्रेशन तपासल्यावर तिसरा सिलिंडर फारच खाली गेलेला आढळला, तेव्हा इंजिन उघडणे भागच होते. १२९८ सीसीचे हे इंजिन, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ७५.५ मिमी; बाजारात मिळणारे साधे ओव्हरसाइज (थोड्या मोठ्या मापाचे) पिस्टन घालूनही ते पुन्हा उभे राहिले असते. परंतु ब्लॉक उघडलाच आहे तर फोर्ज्ड म्हणजे दाबून घडवलेले पिस्टन आणि त्यांना क्रँकशी जोडणारे कनेक्टिंग रॉड घालावेत असे मी ठरवले.

पुष्कळ जण आधी पिस्टन ठरवतात आणि मग त्याला जुळणारा रॉड शोधतात. मला ही दोन्ही निवड एकच वाटते. टर्बो नसलेल्या इंजिनात रॉडचा खरा घात ज्वलनाच्या दाबाने सहसा होत नाही. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या अखेरीस वर धावत आलेल्या पिस्टनला थांबवून पुन्हा खाली खेचावे लागते, त्या वेळी वरून दाब नसल्याने रॉड ताणला जातो आणि क्रँकभोवतीची खालची कॅप धरून ठेवण्याचा सगळा भार दोन बोल्टांवर येतो. हा ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ६००० ऐवजी ७५०० आरपीएमवर तो दीडपटीहून अधिक होतो. शिवाय पिस्टन, पिन आणि रिंगा यांच्या वजनाबरोबरही तो वाढतो. त्यामुळे पिस्टनमधून कमी झालेला प्रत्येक ग्रॅम रॉडच्या आयुष्यात जमा होतो. रॉडचा छेद एच आकाराचा (एच-बीम) असावा की आय आकाराचा (आय-बीम) या वादात मी फार शिरलो नाही. ४३४० या मिश्र पोलादाचे नीट घडवलेले दोन्ही प्रकार माझ्या कामाला पुरेसे आहेत. मी बोल्ट पाहिले, आणि ते किती ताणायचे याचा आकडा कंपनीने दिला आहे की नाही, हे पाहिले. कारण बोल्ट आवळण्याच्या टॉर्क रेंचचे माप आट्यांना लावलेल्या तेलानुसारही बदलते.

पिस्टनच्या बाबतीत खरा प्रश्न मिश्रधातूचा होता. २६१८ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूमध्ये सिलिकॉन नावापुरते असते. तो चिवट असतो, पण तापल्यावर अधिक फुगतो, म्हणून त्याला क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली मोकळी जागा) जास्त द्यावा लागतो आणि थंड इंजिनात तो खडखडतो. ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन असल्याने तो कमी फुगतो आणि बोअरमध्ये घट्ट बसवता येतो. टर्बोसाठी किंवा शर्यतीसाठी मी २६१८ घेतला असता. रोज सकाळी थंडीत सुरू होणाऱ्या गाडीसाठी मी ४०३२ घेतला.

उंचीचा हिशेब मात्र कागदावर करावाच लागतो. क्रँकची त्रिज्या ३७.७५ मिमी, त्यात रॉडची लांबी आणि पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतचे अंतर मिळवले आणि ती बेरीज क्रँकच्या मध्यापासून डेकपर्यंतच्या (ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागापर्यंतच्या) उंचीतून वजा केली की माथा डेकच्या किती खाली राहतो ते कळते. बोअर ७४.५ मिमी केल्यावर एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ३२९ सीसी होते. कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबले जाते ते) ९ असेल तर वर ४१ सीसी जागा उरते, १० असेल तर साडेछत्तीस; आणि या बोअरमध्ये १ मिमी उंची म्हणजे जवळजवळ ४.४ सीसी. माथा मिलिमीटरभर वर आला तरी रेशो जवळपास एक अंकाने चढतो. घाटात कमी आरपीएमवर पूर्ण थ्रॉटल दिला की नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटल्याचा ठणठण आवाज) सर्वांत आधी ऐकू येते, त्यामुळे साध्या पेट्रोलचा विचार करून मी साडेनऊच्या वर गेलो नाही.

यापूर्वी एका मोटारसायकलच्या वेळी पिस्टन येण्याआधीच बोअरिंग (सिलिंडर कापून मोठा करणे) करून घेतले होते. कारागिराने नेहमीच्या कास्ट (ओतीव) पिस्टनचा क्लिअरन्स ठेवला, आलेला पिस्टन २६१८ चा होता, आणि खंबाटकीच्या चढावर तो बोअरमध्ये जाम झाला. ती चूक माझी होती; पिस्टनसोबत येणारा मापांचा कागद मी त्याच्या हातात दिलाच नव्हता. या वेळी चारही पिस्टन आल्यावर कागदावर सांगितलेल्या उंचीवर स्कर्टला (पिस्टनच्या खालच्या कडेला) मायक्रोमीटर लावून प्रत्येकाचे माप त्याच्या माथ्यावर पेनने लिहिले आहे. आता उद्या ब्लॉक, पिस्टन आणि तो कागद, तिन्ही एकत्र बोअरिंगला जातील.