आदर दिला की स्पेलिंग बदलतं

स्पॅनिश शिकायला घेतलं तेव्हा सुरुवातीला मी जाम खुश होते, कारण जसं लिहिलंय तसं वाचायचं, इंग्रजीसारखा छळ नाही. मग आला आज्ञार्थ. मैत्रिणीला 'शोध' म्हणायचं तर बुस्का, पण समोर अनोळखी आजोबा असतील तर 'शोधा' म्हणताना शेवटच्या आ चा ए होतो, बुस्के, बोलायला काही त्रास नाही. मी ऐटीत वहीत सी च्या पुढे ई लिहिलं आणि बाईंनी लाल पेनाने गोल मारला. का तर ई समोर आली की स्पॅनिश सी चा स होतो (स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी तर थ), म्हणजे माझं 'शोधा' वाचायचं बुसे! क टिकवायचा असेल तर सी ला हाकला आणि तिथे क्यू-यू बसवा.

'पैसे भरा' म्हणजे पागे. तिथे मी लिहिलं पी-ए-जी-ई, म्हणजे चक्क इंग्रजी पेज, आणि मेक्सिकोचा माणूस ते वाचणार पाहे. म्हणून जी आणि ई च्या मध्ये एक मुका यू उभा करायचा, तो स्वतः काही बोलत नाही, नुसता जी ला सांभाळतो. 'चालत राहा' म्हणजे सिगा, मैत्रिणीला म्हणायच्या सिगेमध्ये हा यू असतो, पण इथे पुढे आ आल्यावर त्याची गरजच संपते, मग त्याला काढून टाकतात, बिचारा. 'ओलांडा'मध्ये मात्र झेड जाऊन सी येतो, क्रूसे, आणि उच्चार वाचवायचा वगैरे काही प्रश्नच नसतो, ई च्या आधी झेड लिहायची रीत नाही एवढंच.

गंमत म्हणजे ही सगळी उठाठेव 'उस्तेद'साठी, म्हणजे अहो-जाहोसाठी. अरे-तुरेतल्या बुस्का, पागा, सिगे यांचं स्पेलिंग जागचं हलत नाही. आपल्याकडे आदर आला की आवाजच बदलतो, दे चं द्या, घे चं घ्या, ये चं या. स्पॅनिशवाले आवाज जपायला अक्षर बदलतात, आणि आपण? 'माझा' आणि 'माझी' मोठ्याने म्हणून बघा, झ तोच पण आवाज दोन, आणि आपल्याला शाळेत कोणी हे सांगितलंही नाही, तोंडाला आपोआप येतं. मराठी शिकणारा एखादा स्पॅनिश माणूस यावर डोकं धरून बसत असेल.

आता सराव म्हणून मी फ्रिजवर चिठ्ठ्या लावते. काल लिहिलं 'साके ला बासुरा', कचरा बाहेर काढा. घरात खरं तर साका पुरलं असतं, पण मला क्यू-यू गिरवायचं होतं, त्यामुळे नवऱ्याला लग्नानंतर पहिल्यांदाच अहो मिळालं. त्याने चिठ्ठी दोनदा वाचली आणि विचारलं, "आपल्याकडे बासरी कधी होती?"