अकरा बियांचा हिशेब

माझ्याकडे अकरा बिया होत्या. २०२४ च्या मे महिन्यात कुडाळजवळ गावी गेले होते. निघायच्या दिवशी आत्याने फडताळातून एक जुनी बरणी काढली, आतल्या राखेत बोटं घालून चाचपत बिया वर काढल्या आणि माझ्याच रुमालाच्या टोकाला गाठ मारून हातात दिल्या. "मिरगाक घाल," एवढंच म्हणाली. ठाण्याला उतरेपर्यंत पर्समधल्या किल्ल्या, चष्मा, लोकलचा पास, सगळं राखाडी झालं होतं.

तो तिच्या परसातला लाल भोपळा. चपटा, खोल फाकांचा, कोवळा असताना काळपट हिरवा आणि पिकला की खाकी, वर बोटाने पुसली जाईल अशी पांढुरकी झाक. बी आत्याच्या सासूने माहेरून आणलेलं, म्हणजे त्या घरात साठेक वर्षं तरी झाली असतील. मॉलमध्ये बटरनट नावाचा महागडा भोपळा मिळतो, तो याच मॉस्काटा जातीतला. इंग्रजीत या सगळ्यांना विंटर स्क्वॉश म्हणतात, ते हिवाळ्यात पिकतात म्हणून नव्हे, तर जाड सालीमुळे हिवाळाभर टिकतात म्हणून. आणि हे सगळं कूळ मूळचं अमेरिका खंडातलं, कोलंबसानंतर जगभर पसरलेलं. आपल्याकडे तो श्राद्धाच्या ताटात इतक्या हक्काने बसतो की पाहुणा आहे हे कुणाला पटणार नाही.

तर मिरग. सात जूनला मुलुंड पूर्वेतल्या आमच्या चार मजली सोसायटीच्या गच्चीवर दोन मोठ्या कुंड्यांत पाच बिया लावल्या. चार उगवल्या. पुढचे दोन महिने मी फारच खुशीत होते. पानं हत्तीच्या कानाएवढी, वेल पाण्याच्या टाकीला वळसा घालून पलीकडे. अजून जोमाने वाढावा म्हणून मी शेणखतावर चमचाभर युरियाही देत होते. रोज सकाळी चार-पाच पिवळीजर्द फुलं. पण सगळी नर.

हे मला ऑगस्टपर्यंत कळलंच नव्हतं. भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुलं येतात. नर फूल लांब बारीक दांड्यावर उभं असतं. मादी फुलाच्या खाली सुपारीएवढा भोपळा आधीपासूनच असतो, त्यामुळे एकदा पाहिलं की चुकायला होत नाही. नर फुलं आधी येतात, मादी नंतर. आणि नत्र जास्त झालं, उकाडा असला, की वेल पानं आणि नर फुलंच काढत बसतो. मी त्याला अगदी प्रेमाने तेच शिकवत होते. शेवटी तीन मादी फुलं आली, तीही धो धो पावसात. पराग ओले, मधमाशी एक नाही. तिन्ही फळं चार-पाच दिवसांत पिवळी पडून गळली. मला वाटलं रोग. रोग कसला, परागीभवनच झालं नव्हतं. पाच बिया, चार वेल आणि हाती भोपळा. परीक्षेतला.

नर फुलांची भजी मात्र उत्तम झाली. बेसनात ओवा घालून. तेवढाच दिलासा.

त्या वर्षी गणपतीला गावी जाणं झालं नाही, म्हणून आत्याला फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर सहज विचारलं, भोपळे किती धरले? "माकडांनी काय्येक ठेवक नाय गो. वेल पण उपटल्यानी." बरणीतलं उरलेलं बी तिने सगळं पेरलं होतं, दरवर्षीसारखं. मग थोडं थांबून म्हणाली, "तुझ्याकडे असा मां?"

होत्या. सहा.

राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याची ती बातमी मी कौतुकाने वाचून पान उलटलं होतं. गावठी बियाणं सांभाळणं म्हणजे डोंगरातलं, मोठं, दुसऱ्या कुणाचं तरी काम. आता फ्रीजच्या दारात, अंड्यांच्या शेजारी, काचेच्या बाटलीत माझ्या सहा बिया होत्या आणि रोज दूध काढताना त्या दिसायच्या.

या वेळी मिरगाचा नाद सोडला. कोकणात पावसाळी भोपळा मांगराच्या छपरावर चढतो, जमीन पाणी पिऊन टाकते. मुंबईच्या गच्चीवर तोच पाऊस मुळं कुजवतो. इथे पाऊस परतल्यावर, ऑक्टोबरची काहिली ओसरताना लावायचं; म्हणजे फुलांच्या वेळेला थंडी आणि लहान दिवस मिळतात आणि मादी फुलं जास्त येतात. थोडक्यात, विंटर स्क्वॉश मुंबईत खरोखरच विंटरमध्ये लावायचा असतो.

कुंडीऐवजी दोनशे लिटरच्या निळ्या पिंपाचा अर्धा भाग घेतला, बुडाला भोकं पाडली. लाल माती, कोकोपीट आणि गांडूळखत सारखं, वर चार मुठी निंबोळी पेंड. पिंप गच्चीवर पोचतंय तोवर सेक्रेटरी काका हजर. "वहिनी, खाली चारशे दोनमध्ये आधीच ओल आहे." त्यांचं चूक नव्हतं. ओली माती भरलेलं असं पिंप शंभर किलोच्या पुढे जातं आणि स्लॅबच्या मधोमध ठेवणं हा मूर्खपणाच. शेवटी पिंप कॉलमवर, कठड्याच्या कोपऱ्यात, चार विटांवर उभं केलं. खाली हात जाईल एवढी जागा ठेवली, चायना मोझॅकवर पाणी साचू नये म्हणून. काकांनी मोबाइलवर फोटो काढून ठेवला. पुरावा म्हणून असावा.

सहापैकी तीनच बिया काढल्या. रात्रभर कोमट पाण्यात भिजवून २८ ऑक्टोबरला, वसुबारसेला, चहाच्या कागदी कपांत बोटाच्या एका पेराएवढ्या खोल, टोक खाली करून लावल्या. भोपळ्याच्या मुळांना हलवलेलं आवडत नाही. कपाचं बूड फाडून कपासकट रोप लावता येतं. भाऊबीजेला दोन उगवल्या. तिसरी उगवलीच नाही. दोन दिवसांनी सकाळी वर गेले तर एका कपात नुसती माती आणि कठड्यावर कबुतर, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने.

उरलेल्या एका रोपावर मी मोडक्या टेबलफॅनची जाळी उपडी घातली आणि वर वीट ठेवली. महिनाभर ते रोप तुरुंगातच होतं. नवरा म्हणाला, झेड प्लस सुरक्षा आहे. असू दे.

वेल बाहेर आला तो डिसेंबरच्या सुरुवातीला. युरिया बंद. गच्चीची फरशी दुपारी तापते, म्हणून खाली नारळाच्या झावळ्या अंथरल्या. पाचव्या-सहाव्या पानानंतर शेंडा खुडला, फांद्या फुटल्या. मग थंडीबरोबर भुरी आली. पानांवर कुणी पीठ भुरभुरवल्यासारखं पांढरं. एक वाटी दूध, नऊ वाट्या पाणी, ऊन पडल्यावर फवारलं. सासूबाईंना हे अजिबात पटलं नाही. "दुधाचे भाव काय आहेत!" भुरी पूर्ण गेली नाही, पण थांबली. खालची फार खराब पानं कापून टाकली.

पहिलं मादी फूल उमललं २९ डिसेंबरला आणि त्या दिवशी वेलावर एकही नर फूल नव्हतं. एकच वेल असला की हाच घोळ होतो. तरी फळ धरलं! मधमाशीने पराग दुसरीकडून आणले होते. शेजारच्या इमारतीच्या माळ्याने कुंपणावर बाजारातल्या भोपळ्याचा वेल सोडला होता, तिथूनच बहुधा. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागली, कारण आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांना ती उलटी माहीत होती. दुधी, काकडी, कारलं शेजारी असल्याने भोपळा बिघडत नाही. त्यांचा संकर भोपळ्याशी होतच नाही. होतो तो त्याच जातीच्या दुसऱ्या भोपळ्याशी. आणि तो झाला तरी या वर्षीचं फळ आईसारखंच दिसतं, लागतंही तसंच. भेसळ असते ती आतल्या बीमध्ये. पुढच्या वर्षी ते बी पेरलं की मग भ्रमाचा भोपळा फुटतो. म्हणजे ते २९ तारखेचं फळ भाजीला चाललं असतं, आत्याला परत द्यायला नाही.

तेही राहिलं नाही. आठवड्याभराने सालीवर डिंकाचा बारीकसा थेंब दिसला आणि मग एका बाजूने मऊ पडलं. फळमाशी. ती कोवळ्या फळात अंडी घालते, अळ्या आतून खातात. असं फळ खतात टाकायचं नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कडक उन्हात ठेवलं. पुढच्या प्रत्येक फळाला मी जुन्या ओढणीची पिशवी शिवली.

५ जानेवारीला, रविवारी संध्याकाळी, एक मादी कळी टोकाला पिवळी झालेली दिसली. म्हणजे उद्या उमलणार. तशाच दोन नर कळ्याही होत्या. तिन्ही कळ्यांची तोंडं लोकरीने हलकी बांधून टाकली, मधमाशी माझ्याआधी पोचू नये म्हणून. सोमवारी साडेसहाला गच्चीवर. अंधार, गार वारा, खाली दूधवाल्याची सायकल. नर फूल दांड्यासकट तोडलं, पाकळ्या सोलून काढल्या, आतला परागाचा दांडा उघडा पडला. मादी फुलाची लोकर सोडली आणि दांडा आतल्या कुक्षीवर हळूच फिरवला, मग दुसऱ्या फुलाचाही. बोटाला हळद लागावी तसे पराग. फूल पुन्हा बांधलं, देठाला लाल लोकरीची खूण. सगळं मिळून पाच मिनिटं. नंतर सात अठ्ठावन्नची लोकल पकडली आणि दिवसभर बँकेत नोटा मोजताना नखाच्या कडेला पिवळं होतं.

१४ तारखेला, संक्रांतीला, आणखी एक फूल असंच बांधलं. ते गळलं. सहा तारखेचं राहिलं. दहा दिवसांत लिंबाएवढं, तीन आठवड्यांत नारळाएवढं. खाली ओल लागू नये म्हणून सासूबाईंनी जुन्या लुगड्याची चुंबळ वळून दिली आणि त्यांच्या माहेरी विहिरीवरून घागरी आणायच्या त्याची गोष्टही सोबत दिली. दुसरी फळं आली ती मी खुडली. एका पिंपात एकच, हा माझा निर्णय. लोभ केला असता तर कदाचित दोन मिळाले असते, पण मला जोखीम नको होती.

काढायचा कधी, यावर घरात रोज चर्चा. आत्याचा फोनवर एकच नियम: "देठ सुकाक व्हयो." देठ लाकडासारखा झाला, साल खाकी पडली, नख रोवलं तर उमटेना, तेव्हा २६ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीला, देठाचा चार बोटं भाग ठेवून कापला. देठ तुटला की तिथूनच कुजायला लागतो, म्हणून देठाला धरून उचलायचा नाही, तान्ह्या मुलासारखा खालून धरायचा. भाजीवाल्याच्या काट्यावर तीन किलो चारशे ग्रॅम. मग पंधरा दिवस पोटमाळ्यावर, हवेशीर, चुंबळीवरच. या मुरण्यात साल टणक होते, गर गोड होतो आणि आतलं बीही भरतं.

१३ मार्चला होळी. आमच्याकडे भोपळ्यावर पहिला घाव बाईने घालायचा नाही, अशी सासूबाईंची रीत. मी चार महिने राबले आणि घाव घालणार सातवीतला मुलगा, ज्याने एकदाही पाणी घातलं नव्हतं. वाद घालायचा मूड होता, पण तोवर त्याने कोयता उचललाही होता. आत गर्द केशरी. सगळ्यात आधी गराची कच्ची फोड जिभेवर ठेवून पाहिली. भोपळा कडू लागला तर तो खायचा नाही आणि त्याचं बीही ठेवायचं नाही. गोड होता.

पुरणपोळीच्या दिवशी घारगे कशाला, असं कुणीच म्हणालं नाही. बिया मी धुऊन, गर काढून स्टीलच्या ताटात सावलीत पसरल्या. कागदावर पसरल्या की चिकटतात. चपट्या, पोकळ काढून टाकल्यावर दोनशे चौदा भरल्या. आत्याला फोन केला. तिने आकडा ऐकून घेतला आणि म्हणाली, "राखेत ठेवशीत मां?"

मुलुंडच्या फ्लॅटमध्ये राख कुठून आणायची? धुळवडीच्या सकाळी, रंग सुरू व्हायच्या आत, डबा घेऊन खाली गेले. आमची होळी लाकडांची आणि गोवऱ्यांची असते. राख थंड झाली होती. सेक्रेटरी काका झाडूवाल्याला सूचना देत उभे. "वहिनी, आता हे काय?" मी म्हटलं, बियांना. त्यांनी पुन्हा फोटो काढला.

राख चहाच्या गाळणीने चाळली. दोन खिळे आणि करवंटीचा एक तुकडा निघाला. दोन आठवड्यांनी बी वाकवलं की लवत नव्हतं, कट्कन मोडत होतं, तेव्हा राखेत घालून बरणी भरली. अर्ध्या बिया मेमध्ये कुडाळला जातील. फ्रीजमधल्या तीन तशाच आहेत, त्या येत्या वसुबारसेला या नव्यांच्या शेजारी लावेन. बरणीवर चिठ्ठी चिकटवली: 'आत्याचा भोपळा, ६ जानेवारी, बांधलेलं फूल.' खाली थोडी जागा उरली होती, तिथे सासूबाईंनी पेनाने लिहून ठेवलंय: 'घारग्यांना गूळ कमी लागतो.'