दाजीपूर रस्त्यावरची फुलपाखरं: टेलिफोटो घेऊन जाणाऱ्यांसाठी

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात केलेली ही खेप राधानगरी ते दाजीपूर रस्त्यापुरतीच होती. पावसाळ्यात राधानगरी अभयारण्य पर्यटकांना बंद असतं, आणि उघडल्यावरही आत मनाला येईल तिथे उतरून जमिनीवर पालथं पडता येत नाही. फुलपाखरांसाठी फोंडा घाटाकडे जाणारा हा डांबरी रस्ताच बरा. कडेला घाणेरी, खुळखुळा आणि झिरपणारं पाणी, म्हणजे त्यांना लागणारं सगळं.

कोल्हापुरातून साडेपाचला निघा आणि हळदी, परितेमार्गे राधानगरी गाठून नाश्ता तिथेच उरका. साधारण आठपर्यंत फुलपाखरं गारठलेली असतात. ऊन आलं की पंख पसरून शेकत बसतात. वरच्या बाजूचे फोटो मिळतात ते याच वेळी. दहानंतर ओल्या चिखलाकडे वळायचं. तिथे क्षार शोषायला येतात ते मुख्यतः नर. या चिखलपानात ती इतकी गुंततात की सावकाश गेलं तर मीटरभरावर पोचता येतं. खुळखुळ्यावरची ब्लू टायगर आणि कॉमन क्रो ही फुलपाखरंसुद्धा अशीच. मादीला भुलवणारा गंध तयार करायला लागणारी अल्कलॉइडं, म्हणजे झाडातली रसायनं, त्यांचे नर या झाडातून घेतात.

आता लेन्स. ती किती मिलिमीटरची यापेक्षा किती जवळून फोकस करते, हे आधी बघा. ९८ सेंटिमीटरवर फोकस होणारी १००-४०० इथे २.८ मीटर मागणाऱ्या १५०-६००पेक्षा कितीतरी उपयोगी. फुल फ्रेमवर, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर, ०.३ पट मोठेपणा मिळाला (सेन्सरवरची प्रतिमा मूळ वस्तूच्या ०.३ पट) की १२ सेंटिमीटरची वस्तू फ्रेमची रुंदी भरते. पंख पसरलेला ब्लू मॉर्मन, म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू, १२ ते १५ सेंटिमीटर. त्याच्यासाठी उलट मागे सरकावं लागतं. दोन सेंटिमीटरची निळुली, म्हणजे चिमुकलं निळं फुलपाखरू, मात्र फ्रेमचा सहावा भागच व्यापते. तिच्यासाठी एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मधली पोकळ नळी, लावा. ३६ मिलिमीटरची ट्यूब ३०० मिलिमीटरच्या लेन्सवर मोठेपणात ०.१२ची भर घालते, ४००वर फक्त ०.०९ची. ट्यूब असताना लांबचा फोकस जातो, हे ध्यानात ठेवा. प्रतिमा १.४ पट मोठी करणारा कन्व्हर्टर (लेन्समागे लावायची जोडभिंग) जवळचं अंतर तेवढंच ठेवतो, पण एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश खातो.

सगळ्यात जास्त फोटो वाया जातात ते फोकस लिमिटरमुळे, म्हणजे फोकसच्या अंतराला मर्यादा घालणाऱ्या लेन्सवरच्या बटणामुळे. पक्ष्यांसाठी तीन मीटर ते अनंत असं ठेवलेलं बटण तसंच राहतं, मग लेन्स पुढे-मागे फिरत बसते आणि दोष कॅमेऱ्यावर येतो. गाडीतून उतरण्याआधीच ते पाहून घ्या.

०.३ पटीला एफ ८ इतक्या लहान छिद्रावरही स्पष्टतेची खोली जेमतेम सात मिलिमीटर. म्हणून सेन्सर पंखांच्या पातळीला समांतर हवा: मिटलेल्या पंखांसाठी कोपरांवर आडवं व्हा, उघड्यांसाठी वरून. फोकस डोळ्यावर. शटर १/६४०, आयएसओ ८०० ते १६००. फुलावर मध पिताना मॉर्मन पंख फडफडवतच राहतो, तिथे १/२०००शिवाय भागत नाही. त्यापेक्षा त्याला चिखलावर गाठा. त्याचा काळा रंग फ्रेम भरत असेल तर एक्स्पोजर उणे २/३ स्टॉप ठेवा, नाहीतर पंखावरचा फिका निळा उडतो.

जवळ जाताना सावली फुलपाखरावर पडू देऊ नका, बाजूला झुकू नका, सरळ रेषेत बसकं पुढे सरका. चार मीटरवर पहिला फोटो, मग अर्धं अंतर, मग पुन्हा थांबा. ब्लू पॅन्सीसारखं फुलपाखरू उडालं तर मागे धावू नका. ते बऱ्याचदा त्याच जागी परत येतं. मीठपाणी शिंपडून फुलपाखरं जमवणं साफ चूक: डांबराच्या कडेला जमलेला घोळका पुढच्या गाडीखाली येतो.

साडेअकराला ऊन कडक होऊन पंख चमकतात, तेव्हा थांबा. गाडीत बसण्याआधी मोजे उलटे करून जळवा बघा. चिखलात आडवं झाल्यावर त्या कोपरांनाही लागतात.