कोंडा आणि झिंकवाला शाम्पू : माझा अनुभव

कॉलेजपासून मला कोंडा आहे आणि दर थंडीत तो इतका वाढायचा की काळे कपडे घालणं मी सोडूनच दिलेलं. लिंबू, दही, मेथी, रिठा-शिकेकाई सगळं करून झालं, आणि आमच्या घरी कोंडा म्हणजे डोकं कोरडं पडलंय हे पक्कं, त्यामुळे रात्री खोबरेल तेलाची चंपी आणि सकाळी न्हाणं हे वर्षानुवर्षं चालूच. मग एका थंडीत कपाळाच्या कडेला आणि कानांमागे लाल होऊन तेलकट पिवळट खपल्या यायला लागल्या, रात्री खाजेने झोप लागेना, तेव्हा नाशिकमध्येच एका स्किनच्या डॉक्टर मॅडमना दाखवलं.

त्यांनी पहिल्यांदा तेल बंद करायला लावलं. कारण असं की मॅलेसेझिया नावाची एक बुरशी असते, ती जवळपास सगळ्यांच्याच डोक्यावर असते आणि त्वचेतून निघणाऱ्या तेलावर जगते. ते तेल फोडताना ती ओलिक अ‍ॅसिडसारखी फॅटी अ‍ॅसिड मागे सोडते, ती काहींच्या त्वचेला सोसत नाहीत, मग त्वचा घाईघाईने नव्या पेशी बनवत सुटते आणि जुन्या पापुद्र्यांनी गळतात, तोच कोंडा. लॅबमध्ये ही बुरशी वाढवायला चक्क ऑलिव्ह ऑइल घालतात म्हणे, ते ऐकल्यावर मला सगळं लख्ख कळलं. तेल लावलं की पापुद्रे चिकटून बसतात म्हणून एक दिवस कोंडा गेल्यासारखा वाटतो एवढंच.

शाम्पू दिला तो झिंक पायरिथिऑन १% वाला, म्हणजे या बुरशीची वाढ रोखणारं औषध असलेला. काही बाटल्यांवर झेडपीटीओ असं पण लिहिलेलं असतं. समोर अँटी-डँड्रफ लिहिलंय एवढ्यावर घेऊ नका, बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. आणि झिंकच्या गोळ्या ही वेगळी गोष्ट आहे, मावशी म्हणाली शाम्पूपेक्षा झिंकची गोळीच घे ना, तर मॅडम म्हणाल्या इथे नुसतं झिंक कामाचं नाही, पायरिथिऑनच लागतं आणि तेही वरून लावायचं. हे औषध काही नवीन नाहीये, अमेरिकेत हेड अँड शोल्डर्स १९६१ साली बाजारात आला तो याच्याच जोरावर.

आता खरी गोष्ट, जी मला सगळ्यांना कळकळीने सांगायचीये. हा शाम्पू केसांना नाही, डोक्याच्या त्वचेला लावायचा असतो आणि लगेच धुवायचा नसतो. झिंक पायरिथिऑन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्याचे बारीक कण त्वचेवर बसतात आणि धुतल्यावरही थोडे मागे राहतात, काम तेच करतात, त्यामुळे त्यांना बसायला वेळ द्यायला हवा. मी बोटांनी भांग पाडत पाडत, बोटांच्या पेरांनी चोळून (नखांनी अजिबात नाही) पाच मिनिटं ठेवायचे, डोळ्यांत गेला तर झोंबतो म्हणून मान मागे, आणि मग भरपूर पाण्याने. आमच्याकडे बोअरचं पाणी, फेसच येत नाही, म्हणून न्हाण्यापुरतं नळाचं पाणी बादलीत साठवून ठेवायला लागले. केस खरखरीत होतात ते खरंय, पण त्याला कंडिशनर फक्त खालच्या केसांना लावला की भागतं.

आठवड्यातून दोन-तीनदा असं महिनाभर करायचं होतं. खाज आधी गेली, पापुद्रे नंतर. कानांमागचं मात्र हटेना, तिथे मॅडमनी मध्ये काही आठवडे केटोकोनाझोल (बुरशीवरचंच दुसरं औषध) २% चा शाम्पू दिला, तो आठवड्यातून दोनदा, आणि मग परत झिंक. घरी आईला तेल बंद हे फार लागलं, "अगं केस गळतील तुझे", पण खाजवणं थांबल्यावर उलट गळणं कमी झालं आणि आता तीच मला शाम्पूची आठवण करते. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला तेल लावतेच मी, फक्त रात्रभर ठेवत नाही.

जर्मनीत राहणारी माझी मामेबहीण तिथे शोधत होती, तिला मिळाला नाही कारण युरोपियन युनियनने १ मार्च २०२२ पासून कॉस्मेटिक्समध्ये झिंक पायरिथिऑनवर बंदी घातलीये. मी घाबरले होते, म्हणून वाचलं. प्रजननाला घातक अशा वर्गात त्याची नोंद झाली आणि तिथल्या कायद्यानुसार अशा घटकाला पर्याय नाही हे दाखवावं लागतं, ते झालं नाही. पण धुऊन टाकायच्या शाम्पूत १% पर्यंत सुरक्षित असं तिथल्याच वैज्ञानिक समितीने म्हटलं होतं. मॅडमनाही विचारलं, त्या म्हणाल्या वापर. बहिणीला तिकडे पिरोक्टोन ओलामाइनवाला (कोंड्यावरचंच दुसरं औषध) मिळाला, तिला तो चालतोय.

ही बुरशी कायमची जात नाही, बंद केलं की हळूहळू परत येते, म्हणून मी अजून आठवड्यातून एकदा झिंकवालाच वापरते आणि थंडी सुरू झाली की दोनदा. महिनाभर नीट वापरूनही फरक पडला नाही, किंवा जाड चंदेरी खपल्या कपाळावर उतरायला लागल्या तर शाम्पू बदलत बसू नका, सोरायसिस हा त्वचेचा वेगळाच आजार असू शकतो, स्किनच्या डॉक्टरांनाच दाखवा.