आत्ता हे कुणाच्या नावानं उघडलंय?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या दोन-तीन फौंड्र्यांचं, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यांचं नेटवर्क मी बघते. ऑफिसातल्या कॉम्प्युटरांचा फारसा त्रास नसतो, तिथं एका टेबलावर एकच माणूस बसतो. डोकं खातात ते शॉपवरचे कॉम्प्युटर: फर्नेसशेजारच्या केबिनमधला, स्पेक्ट्रोच्या (धातूत काय काय आहे ते तपासणाऱ्या मशीनच्या) खोलीतला, डिस्पॅचचा. तिन्ही शिफ्टला माणसं बदलतात, कॉम्प्युटर तोच राहतो, आणि प्रत्येकाला सर्व्हरवरचा शेअर फोल्डर लागतो. हीटचे (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचे) रिपोर्ट, ड्रॉइंग, रिजेक्शनच्या शीट, सगळं त्यातच.

फोन येतो तोही ठरलेला. "मॅडम, फोल्डर आत घेईना झालंय. पासवर्ड बरोबर टाकलोय की ओ."

आणि बहुतेक वेळा त्यानं तो खरंच बरोबर टाकलेला असतो. म्हणून पासवर्ड बदलून द्यायची घाई मी करत नाही. जुना पासवर्ड आणखी कुठल्या तरी कॉम्प्युटरवर साठवलेला असतो, तो तिथून सर्व्हरवर धडका देत राहतो आणि थोड्या वेळात अकाउंटच लॉक होतं. मग एकाच्या दोन अडचणी होतात. माझा पहिला प्रश्न असतो, "दादा, तुमच्या आधी त्या खुर्चीवर कोण होतं?"

कारण विंडोजचा एक नियम आहे. एका लॉगिनमधून एका सर्व्हरकडे एकाच नावानं जाता येतं. कंपनीच्या गेटवर एका गाडीला एकच पास मिळतो आणि ती गाडी बाहेर पडेपर्यंत दुसरा मिळत नाही, तसंच हे. पहिल्या शिफ्टच्या सुपरवायझरनं सकाळी स्वतःच्या नावानं फोल्डर उघडला, 'लक्षात ठेवा'वर टिक केली आणि तीनला मॉनिटर बंद करून घरी गेला. दुसऱ्या शिफ्टचा माणूस त्याच उघड्या डेस्कटॉपवर बसतो. त्यानं स्वतःचं नाव टाकलं की १२१९ नंबरची एरर येते. एकाच सर्व्हरला दोन नावांनी जोडता येणार नाही, एवढंच ती सांगते. पण पासवर्डच्या चौकटीनंतर आली म्हणून माणसाला वाटतं, पासवर्ड चुकला.

यापेक्षा वाईट म्हणजे एरर न येणं. फोल्डर गुपचूप उघडतो, सकाळच्या माणसाच्या नावानं, त्याच्या हक्कांनी. काम होतं, म्हणून तक्रार कुणी करत नाही.

एका फौंड्रीत यातूनच एका माणसाला नको ते ऐकून घ्यावं लागलं. एका कस्टमरच्या कास्टिंगची केमिस्ट्रीची शीट फोल्डरमधून गेली. सर्व्हरच्या लॉगमध्ये डिलीट करणाऱ्याचं नाव होतं पहिल्या शिफ्टच्या सुपरवायझरचं. त्याला केबिनमध्ये बोलावून सगळ्यांदेखत झापलं. बरीच वर्षं तिथं काम करणारा माणूस, उत्तर काय देणार? मला बोलावलं तेव्हा मी आधी वेळा जुळवल्या. डिलीट झालं संध्याकाळी, डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवरून, आणि त्याचं पंचिंग दुपारीच बाहेर पडल्याचं. त्या कॉम्प्युटरवर सकाळपासून त्याच्याच नावाचं कनेक्शन चालू होतं. शीट 'प्रीव्हियस व्हर्जन्स'मधून, म्हणजे सर्व्हरनं ठेवलेल्या जुन्या प्रतींतून, परत मिळाली. ज्याच्या हातून डिलीट झालं, त्याला तर आपण दुसऱ्याच्या नावानं बसलोय हे ठाऊकच नव्हतं. तेव्हापासून कुणी "चालतंय की, कुणाच्या का नावानं असंना" म्हणालं की मी ते तिथंच थांबवते. त्या नावामागे एका माणसाची नोकरी असते.

आता सोडवायचं कसं. एररचं वर्णन फोनवर ऐकण्यापेक्षा मी व्हॉट्सअॅपवर फोटो मागवते, कारण नंबर खोटं बोलत नाही. ५३ असेल तर सर्व्हरपर्यंत वाटच नाही. केबल, स्विच बघा, लॉगिनचा संबंध नाही. ५ म्हणजे तुम्हाला ओळखलं, पण परवानगी नाही. इथं शेअरची परवानगी आणि फोल्डरची परवानगी अशा दोन्ही बघाव्या लागतात, दोन्हींत जी कडक ती लागू होते. १९०९ म्हणजे अकाउंट लॉक. मग सर्व्हरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ नंबरच्या नोंदी काढायच्या. कुठल्या कॉम्प्युटरवरून चुकीचा पासवर्ड येतोय ते त्यात सापडतं.

१२१९ असेल तर आधी शेअरवरच्या उघड्या एक्सेल फाइल सेव्ह करून बंद करायच्या. हे विसरायचं नाही, अर्धवट शीट जाते. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट यूज' लिहून एंटर. सर्व्हरची कुठली कनेक्शनं चालू आहेत ती दिसतात. त्याच कमांडपुढे '/delete' जोडून ती तोडायची. त्यानंतर कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन त्या सर्व्हरचा साठवलेला पासवर्ड काढायचा. हा दुसरा भाग राहिला तर उद्या पुन्हा तोच फोन. सर्व्हरच्या नावाऐवजी आयपी नंबर टाकून आत शिरायची एक युक्ती पोरं एकमेकांना शिकवतात. विंडोजला तो वेगळा सर्व्हर वाटतो, म्हणून चालतं. पण एकाच डेस्कटॉपवर दोघांची नावं जिवंत राहतात, आणि मला नेमकं तेच नकोय.

१३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. यात पासवर्ड 'बरोबर' असूनही येणारे प्रकार बरेच. काहीजण विंडोजचा पिन टाकतात. पिन त्या कॉम्प्युटरपुरता असतो, सर्व्हरला तो कळत नाही. कधी कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो आणि ठिपक्यांमुळे दिसत नाही. कधी नावाआधी सर्व्हरचं नाव आणि उलटी तिरकी रेघ द्यायची राहते. डोमेनला, म्हणजे सगळ्यांची लॉगिनं एकाच जागी तपासणाऱ्या व्यवस्थेला, जोडलेल्या कॉम्प्युटरचं घड्याळही बघते. बोर्डावरचा सेल संपला की सुट्टीनंतर तारीख कुठल्या कुठं जाते, आणि डोमेन लॉगिनसाठी जे तिकीट देतं त्याला घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही.

कायमचा इलाज मला एकच पटलाय. प्रत्येकाला स्वतःचं विंडोज लॉगिन, आणि शिफ्ट संपली की साइन आउट. लॉक नव्हे, साइन आउट. फोल्डर ज्याच्या त्याच्या नावानं आपोआप जोडला जातो. स्पेक्ट्रो आणि डिस्पॅचला हे लागू केलं.

फर्नेसच्या केबिनमध्ये मात्र अडलं. "मॅडम, लॉगिन व्हईपर्यंत मेटल गार पडतंय." हे बरोबर आहे. लेडल (वितळलेला धातू ओतायचं भांडं) भरलेली असताना माणसाला पासवर्डसाठी ताटकळत ठेवता येत नाही. तिथं सामायिक लॉगिन ठेवलं, पण त्याचे हक्क कमी केले. आधी फक्त डिलीटचा हक्क काढून बघितला, तर एक्सेल सेव्हच होईना. एक्सेल तात्पुरती फाइल बनवून ती जुनीच्या जागी ठेवतं, त्याला डिलीट लागतंच. म्हणून आता त्या लॉगिनला चालू शिफ्टचा एकच फोल्डर दिसतो. शिफ्ट संपली की सर्व्हर त्यातली शीट उचलून दुसरीकडे ठेवतो, तिथं शॉपवरून कुणालाच हात लावता येत नाही. हीट कुणी घेतली ते शीटमध्ये टोकन नंबरनं लिहितात.

पुढचं काम डिस्पॅचचं. तिथला कॉम्प्युटर विंडोज १० वर आहे आणि त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती घातली की पासवर्डशिवाय गेस्ट म्हणून फोल्डर उघडणं प्रोमध्येही बंद होतं, शिवाय सायनिंग, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक निरोपावर खरेपणाची सही, सक्तीचं. पॅकिंगचे फोटो ठेवायचा तिथला जुना नॅस बॉक्स (नेटवर्कला जोडलेली हार्ड डिस्कची पेटी) तसाच सगळ्यांना उघडा आहे. त्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट होतंय का ते आधी बघणार, नाहीतर फोटो सर्व्हरवर हलवणार.